उसन्या वर्दीतला राजा

डिसेंबर १९४१ च्या पहिल्या आठवड्यात प्राग रेडिओवरून एक छोटी नाटिका प्रसारित झाली. तिचं नाव होतं 'बाल्टिमोरवरचे तारे'. शहर जर्मनांच्या ताब्यात जाऊन तेव्हा पावणेतीन वर्षं झाली होती. नाटिकेत लंडनमधल्या चेकोस्लोव्हाक निर्वासित सरकारची टवाळी होती. त्या सरकारचा परराष्ट्रमंत्री यान मासारिक तिच्यात दारूच्या नशेत बरळताना दाखवला होता. मासारिकची ही भूमिका करणारा नट कुणी नवखा नव्हता. पन्नाशीचा तो माणूस देशातला सर्वांत लाडका विनोदी नट होता. लोक त्याला 'विनोदवीरांचा राजा' म्हणत. त्याचं नाव व्लास्ता बुरियान.

युद्ध संपलं आणि या नाटिकेचा हिशेब झाला. तुरुंग, दंड, जाहीर निर्भर्त्सना, रंगभूमीवर बंदी. पुढे जवळजवळ अर्धं शतक चेक लोक त्याच्या सिनेमांना खळखळून हसत राहिले, आणि कागदोपत्री तो दोषीच राहिला. हा हिशेब बरोबर होता का, हे पाहण्यासाठी हा लेख.

या नटापर्यंत मी पोहोचलो तो एका आडवाटेनं. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. नोकरी सांभाळून रात्री आणि रविवारी जे वाचलं तेवढीच शिदोरी. गोगोलच्या 'इन्स्पेक्टर जनरल' या नाटकाचे देशोदेशीचे अवतार जमवायचा मला जुना नाद आहे. पु. ल. देशपांडे यांचं 'अंमलदार' हा त्यातला आपला अवतार. १९५० साली नवकेतननं आपला पहिला चित्रपट 'अफसर' काढला, तोही याच नाटकावरून. ही यादी मागे मागे नेताना १९३३ सालचा, प्रागमध्ये तयार झालेला चेक 'रेव्हिझोर' सापडला. मार्टिन फ्रिच दिग्दर्शक आणि तोतया अंमलदाराच्या भूमिकेत व्लास्ता बुरियान. चेक भाषा मला येत नाही. तरी तळाशी येणारी इंग्रजी वाक्यं वाचायचं मी दहाव्या मिनिटाला सोडून दिलं. त्या माणसाच्या भुवया, मान आणि गुडघे सगळं सांगत होते. मग त्याचे मिळतील ते सिनेमे पाहिले, आणि त्यांच्यामागे उभा असलेला खटलाही समोर आला.

गोलरक्षक ते राजा

बुरियानचा जन्म ९ एप्रिल १८९१ चा, उत्तर बोहेमियातल्या लिबेरेत्स गावचा. तेव्हा तिथे ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सम्राटाचं राज्य होतं आणि गावात जर्मन बोलणाऱ्यांची संख्या मोठी होती. वडील शिंपी. शिंप्याच्या घरातलं पोर, म्हणजे कोट अंगावर चढला की माणूस कसा बदलतो हे लहानपणापासून पाहिलेलं. पुढे त्याच्या सगळ्या विनोदाला हाच धागा पुरला. १९०१ मध्ये कुटुंब प्रागच्या झिझ्कोव्ह या कामगार वस्तीत आलं.

तिथे त्याचं पहिलं प्रेम रंगभूमी नव्हतं, फुटबॉल होतं. प्रागच्या नामांकित स्पार्टा क्लबचा तो गोलरक्षक होता. हा तपशील मला गमतीचा म्हणून सोडून द्यावासा वाटत नाही. गोलरक्षकाला चेंडू कुठून येणार हे आधी ठाऊक नसतं. क्षणात अंग झोकून द्यावं लागतं. रंगमंचावरचा बुरियान नेमका असाच होता. लिहून दिलेलं वाक्य तो म्हणेलच याची खात्री सहकाऱ्यांना नसे. प्रेक्षकात कुणी खोकलं, कुणाची खुर्ची करकरली, की त्यावर त्याची जोडणी सुरू. आपल्याकडे वगातला सोंगाड्या ज्याला बतावणी म्हणतो, तोच हा प्रकार. त्याच्या घशातून वाद्यं वाजत, प्राणी ओरडत, आणि मध्येच एखादं गाणं सुरेल निघे. समोरचा नट हसू आवरण्यासाठी पाठ फिरवून उभा राही.

पहिल्या महायुद्धाच्या आसपास प्रागमध्ये कॅबरेचा जोर होता. कॅबरे म्हणजे तिथे गाणी, नकला, छोटी प्रहसनं आणि राजकीय चिमटे यांचा रात्रीचा कार्यक्रम. 'रोकोको' आणि 'चेर्व्हेना सेद्मा' या मंचांवर बुरियान घडला. १९२५ मध्ये त्यानं थेट स्वतःच्या नावाचं नाट्यगृह काढलं. एकाच विनोदी नटाच्या खांद्यावर उभी राहिलेली ही नाटक कंपनी एकोणीस वर्षं चालली. यारोस्लाव मार्वान हा त्याचा तिथला कायमचा जोडीदार. सरळ पाठीचा, करड्या चेहऱ्याचा, सरकारी कचेरीतला साहेब शोभेल असा. बुरियान उधळायचा आणि मार्वान भिंतीसारखा उभा राहायचा. भिंत असल्याशिवाय चेंडू उसळत नाही, हे दोघांनाही पक्कं कळलेलं होतं.

कोट चढवा, सलाम घ्या

बुरियान मूकपटांतूनही दिसला होता. पण ज्याचं निम्मं सामर्थ्य घशात, त्याला मूकपट काय कामाचा? बोलपट आला आणि १९३० मध्ये कारेल लामाचनं 'शाही फील्डमार्शल' काढला. लामाच हा आनी ओंद्रा या अभिनेत्रीला घडवणारा दिग्दर्शक. हिचकॉकच्या 'ब्लॅकमेल'मधली नायिका तीच. फील्डमार्शलची मूळ कथा एमिल आर्तुर लोंगेनच्या नाटकाची. या लोंगेननं आधीच बुरियानवर पुस्तकही लिहिलं होतं.

कथा अशी : निवृत्तीत रमलेला एक कप्तान हौसेखातर फील्डमार्शलचा गणवेश अंगावर चढवतो. छावणीतले लोक त्याला खरा समजतात. सलाम झडतात, तुकड्या रांगेत उभ्या राहतात, अधिकाऱ्यांचे गुडघे लटपटतात. आणि मग खरा फील्डमार्शल येतो. चेक बोलणारा प्रेक्षक संख्येनं थोडा, तेव्हा खर्च भरून काढण्यासाठी त्या काळी एकाच सेटवर दुसऱ्या भाषेतली आवृत्तीही चित्रित करत. 'फील्डमार्शल'ची जर्मन आवृत्ती निघाली आणि तिच्यातही बुरियाननंच काम केलं.

यानंतर तीसहून अधिक चित्रपटांतून तो झळकला. ते पाहताना एक गोष्ट वारंवार समोर येते. 'रेव्हिझोर'मध्ये उपाशी तोतयाला गाव सरकारी तपासनीस समजतं. १९३२ च्या 'शेरलॉक होम्सच्या सेवेत लेलिचेक'मध्ये एका भित्र्या राजाला तोतया हवा असतो. राजा आणि तोतया दोन्ही बुरियानच. शेरलॉक होम्स झाला होता मार्टिन फ्रिच. १९४१ च्या 'स्टेशनमास्तर'मध्ये विनातिकीट प्रवास करणारा एक भणंग रेल्वेचा कोट घालतो आणि सगळं स्टेशन त्याच्या हुकमात येतं.

कोट दर वेळी वेगळा, गोष्ट तीच. अधिकार माणसात नसतो, बटणांत असतो. पाहणारे चेहरा पाहत नाहीत, बिल्ला पाहतात. शतकानुशतकं परक्या सम्राटाच्या नोकरशाहीखाली काढलेल्या समाजाला या विनोदाचा अर्थ फोडून सांगावा लागत नव्हता. यारोस्लाव हाशेकचा शिपाई श्वेइक ज्या मातीतला, त्याच मातीतला हा विनोद. फरक एवढाच की श्वेइक वर्दीखाली दबून वर्दीची फजिती करतो, बुरियानचा माणूस ती वर्दी स्वतःच घालतो आणि तिच्या नशेत क्षणभर खराच मोठा होतो.

बुरियान राजकीय नट नव्हता. प्रागमध्ये त्याच काळात यान वेरिख आणि यिर्शी वोस्कोवेत्स यांचं 'मुक्त रंगभूमी' नावाचं थिएटर हिटलरवर उघड वार करत होतं. म्युनिक करारानंतर १९३८ च्या अखेरीस ते बंद झालं आणि जानेवारी १९३९ मध्ये दोघंही अमेरिकेला निघून गेले. बुरियान राहिला. त्याच्याकडे थिएटर होतं, कंपनी होती, आणि त्याचा विनोद ज्या भाषेत जगत होता ती भाषा बोलणारं गावही तेच होतं.

भीतीचा काळ

१५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या. विनोदी नाटकं बंद झाली नाहीत, उलट सभागृहं भरून वाहू लागली. लोकांना आपली भाषा ऐकायची होती आणि दोन तास हसायचं होतं. २७ सप्टेंबर १९४१ ला राइनहार्ड हायड्रिख प्रागमध्ये आला. आल्याआल्या त्यानं लष्करी कायदा लावला आणि फाशीच्या, गोळ्या घालण्याच्या शिक्षांची यादी शहराच्या भिंतींवर चिकटू लागली. लंडनचं रेडिओ केंद्र ऐकणं हा मरणदंडाचा गुन्हा होता. आणि त्या केंद्रावरून चेक भाषेत बोलणाऱ्यांतला सर्वांत लोकप्रिय आवाज होता यान मासारिकचा.

म्हणूनच प्रचारखात्याला त्याची टवाळी हवी होती. आणि ती करायला सगळ्यांना ओळखीचा, सगळ्यांना आवडणारा आवाज हवा होता. फितूर पत्रकारानं मासारिकला शिव्या दिल्या तर ऐकणारा रेडिओचं बटण बंद करतो. बुरियान बोलू लागला तर हात बटणाकडे जाता जाता थांबतो. त्याच्या लोकप्रियतेची त्यांना अशी गरज होती.

बुरियाननं नंतर सांगितलं की आपल्यावर दबाव होता. हे सांगणं सोयीचं असतं हे खरं. पण त्या वर्षात दबाव म्हणजे काय, ते त्याच्याच धंद्यातल्या लोकांकडे पाहिलं तर कळतं. कॅबरेचा गायक आणि गीतकार कारेल हाश्लेर, ज्याची गाणी सगळं प्राग गुणगुणत असे, त्याला सप्टेंबर १९४१ मध्ये गेस्टापोनं उचललं. नाटिका प्रसारित झाली त्याच डिसेंबरात माउटहाउझेनच्या छळछावणीत तो मेला. दिग्दर्शक एमिल फ्रांतिशेक बुरियान, आपल्या बुरियानचा नुसता आडनावबंधू, त्याच वर्षी मार्चमध्ये पकडला गेला आणि युद्ध संपेपर्यंत छावण्यांत राहिला. विनोदी अभिनेत्री आना लेतेन्स्का हिला हायड्रिखवरच्या हल्ल्यानंतरच्या धरपकडीत गोवलं गेलं. हाती असलेला चित्रपट तिच्याकडून पुरा करून घेतला आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये तिला माउटहाउझेनला ठार मारलं. पडद्यावरचा देखणा विनोदी नायक ओल्डरिख नोव्ही यानं आपल्या ज्यू बायकोला घटस्फोट द्यायला नकार दिला आणि १९४४ मध्ये त्याची रवानगी श्रमछावणीत झाली.

ही यादी दोन्ही बाजूंनी वाचता येते. नकार देणारेही होते, आणि त्यांनी किंमत मोजली; नोव्हीसारख्या माणसाचं नाव घेतल्यावर बुरियानला निर्दोष म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण नकार न देणाऱ्याच्या समोर काय उभं होतं, तेही हीच यादी सांगते.

आणखी एक तारीख. २४ जून १९४२. हायड्रिखच्या मृत्यूनंतर तीन आठवड्यांनी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात नाट्य-संगीत क्षेत्रातल्या कलावंतांना गोळा करण्यात आलं. मंत्री एमानुएल मोराव्हेत्सच्या समोर राइशशी निष्ठा व्यक्त करण्याचा तो कार्यक्रम होता. हात वर करून उभ्या असलेल्या सभागृहाची छायाचित्रं आजही उपलब्ध आहेत. त्या सभागृहातले बहुतेक हात युद्धानंतर पुन्हा टाळ्या घेत राहिले. भीती सगळ्यांची होती, हिशेब मोजक्यांचा झाला.

लोकक्षोभाचं माप

१ सप्टेंबर १९४४ पासून युद्धकारणासाठी सगळी नाट्यगृहं बंद करण्यात आली. बुरियानचं थिएटर कायमचं मिटलं. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि बुरियानला अटक झाली. अखेर निकाल लागला तो १९४७ मध्ये : तीन महिने कैद, पाच लाख क्राउन दंड आणि जाहीर निर्भर्त्सना.

हा निकाल कोणत्या कायद्याखाली लागला हे पाहण्यासारखं आहे. जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्यांसाठी चेकोस्लोव्हाकियात दोन हुकूमनामे निघाले होते. मोठ्या हुकूमनाम्याखाली खास लोकन्यायालयं होती आणि फाशीपर्यंतच्या शिक्षा. त्यात न बसणाऱ्या गोष्टींसाठी २७ ऑक्टोबर १९४५ चा १३८ क्रमांकाचा 'छोटा हुकूमनामा' होता. गुन्ह्याचं नाव 'राष्ट्रीय सन्मानाविरुद्धचा अपराध'. अनुचित वागण्यानं राष्ट्रभावना दुखावून ज्यानं लोकक्षोभ निर्माण केला, तो दोषी. शिक्षा : एक वर्षापर्यंत कैद, दहा लाखांपर्यंत दंड, जाहीर निर्भर्त्सना. निर्णय न्यायालय देत नसे. स्थानिक राष्ट्रीय समित्यांच्या दंड समित्या देत.

माझं म्हणणं या 'लोकक्षोभ' शब्दापाशी येऊन थांबतं. हा कायदा कृत्याचं वजन कृत्यावरून करत नाही, त्यानं किती लोक चिडले यावरून करतो. तेच संवाद एखाद्या अनामिक नटानं म्हटले असते तर कोण चिडलं असतं? त्याचं नावही कुणाला आठवलं नसतं. बुरियानला घराघरात ओळखत होते म्हणून क्षोभ मोठा, आणि क्षोभ मोठा म्हणून अपराध मोठा. प्रचारखात्यानं त्याला निवडलं ते प्रसिद्धीसाठी. मुक्त देशानं त्याला निवडलं तेही प्रसिद्धीसाठी. दोन्ही वेळा कोट पाहिला गेला, आतला माणूस नाही. आयुष्यभर तो ज्या गोष्टीवर लोकांना हसवत आला, तीच गोष्ट त्याच्या अंगावर आली, आणि या वेळी सभागृहात कुणी हसलं नाही.

त्याचा अर्थ ती नाटिका क्षुल्लक होती असा नव्हे. जीव मुठीत धरून लंडन ऐकणाऱ्या माणसाला, आपला आवडता नट त्या आवाजाची खिल्ली उडवतोय हे ऐकून काय वाटलं असेल? ती जखम खरी होती. निर्भर्त्सना झाली असती आणि तिथेच सगळं संपलं असतं, तर मी हा लेख लिहिला नसता. पण शिक्षा कागदावरच्या तीन महिन्यांवर थांबली नाही. रंगमंच बंद झाला, मालमत्ता गेली, प्रागमधली व्हिला गेली. पन्नाशी उलटलेल्या माणसाला मजुरी करावी लागली.

दुसरा मालक

फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी सत्ता हाती घेतली. १० मार्चला परराष्ट्रमंत्री यान मासारिक मंत्रालयाच्या खिडकीखाली मृतावस्थेत आढळला. नव्या राज्याला हसू हवं होतं, तेव्हा १९५० मध्ये बुरियानला प्रागच्या कार्लिन नाट्यगृहात परत येऊ दिलं गेलं. लोक त्याला विसरले नव्हते.

परतीचा चित्रपट होता 'कोंबडी आणि चर्चचा सेवेकरी', १९५१ चा. विषय : सामुदायिक शेतीचं महत्त्व. म्हणजे राजवट बदलली तरी विनोदाकडून अपेक्षा तीच. सरकारला पटवायचं ते लाडक्या नटाच्या तोंडून वदवून घ्यायचं. या वेळी मात्र लोकक्षोभाचा प्रश्न कुणी काढला नाही. मालक सत्तेवर असेपर्यंत तो प्रश्न निघत नसतो.

या उत्तरकाळात एक काम मात्र निखळ आनंदाचं आहे. 'एक होता राजा', बोर्शिव्होय झेमान दिग्दर्शक, साल १९५४. बोझेना न्येम्त्सोव्हाच्या ज्या लोककथेवरून तो घेतला ती मराठी घरांतही वेगळ्या रूपात सांगितली जाते : मिठाइतकं माझं तुमच्यावर प्रेम आहे, असं म्हणणाऱ्या मुलीला हाकलून देणाऱ्या बापाची गोष्ट. राजा झाला होता अमेरिकेहून परतलेला यान वेरिख, आणि राजाचं नाव 'मी पहिला'. त्याच्या दरबारातला रीतिरिवाज सांभाळणारा अधिकारी म्हणजे बुरियान, नाव 'वगैरे'. जो देश सोडून गेला आणि जो राहिला, ते दोघं एका चौकटीत उभे. वेरिखचा विनोद शब्दांचा आणि सावकाश. बुरियान म्हातारपणीही टाचांवर फिरकी घेतो. खरा राजा कोण, असा वाद या दोघांबद्दल चेक रसिक अजून घालतात. पडद्यावर तरी मुकुट वेरिखच्या डोक्यावर आहे आणि 'विनोदवीरांचा राजा' झुकून मुजरा करतो आहे.

शेवटपर्यंत तो काम करत राहिला, थंडी-वाऱ्यात गावोगावी दौरे काढत. ३१ जानेवारी १९६२ ला तो गेला. काही महिन्यांतच त्याची पत्नी नीना हीदेखील गेली. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर व्लादिमीर युस्त या नाट्यइतिहासकारानं दप्तरं उपसून हे सगळं प्रकरण ग्रंथरूपानं मांडलं. १९९० च्या दशकात बुरियानचं अधिकृत पुनर्वसन झालं, म्हणजे शिक्षेचा डाग पुसला गेला. मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

डाग पुसणं आणि हिशेब बरोबर करणं या दोन गोष्टी मी एक मानत नाही. नाटिका झाली होती. ती कोणत्याही आदेशानं झाली नव्हती असं होत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की त्याचं सगळं काम एकत्र पाहावं. १९४१ या एकाच वर्षात त्यानं दोन सोंगं काढली. एकात भीतीपोटी दुसऱ्याचं बिंग म्हणून दिलेलं खोटं रंगवलं. दुसऱ्यात, 'स्टेशनमास्तर'मध्ये, रेल्वेचा उसना कोट घालून परक्या वर्दीपुढे झुकायला लावलेल्या लोकांना दाखवलं की वर्दी रिकामी असते. पहिलं सोंग हा खटल्याचा पुरावा झाला. दुसरं चेक टेलिव्हिजनवर अजून लागतं, आणि ज्यांच्या आजोबांनी त्या भरलेल्या, भ्यालेल्या सभागृहांत बसून ते पाहिलं, ती पोरं आज त्याच जागांवर हसतात.